कॉरोनेशनचा पडदा : एक लुप्त चित्रगृह आणि त्याची बखर

सनदा, महजर, करीने आणि ताळेबंद यांच्या चर्चेत रमणाऱ्या या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे चित्रपटाचे परीक्षण ठेवावयाचे, हे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या वास्तूचा एक चिराही उरला नाही, जिच्या हिशेबवह्या कोणाच्या दप्तरात आढळत नाहीत, आणि तरीही जिच्यात घडलेल्या एका प्रसंगाची मिती शाळेतील मुलांसही पाठ असते, अशा वास्तूविषयी उत्तरकालीन कलावंताने कृती निर्माण केली, तर तिची परीक्षा इतिहासाच्या शिस्तीने करणे हे संशोधकांचेच काम होय. सदर वास्तू म्हणजे गिरगावातील सँढर्स्ट रस्त्यावरचे कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ. आणि प्रस्तुत कृती म्हणजे श्री. परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा २००९ सालचा मराठी चित्रपट.

हा विषय आम्हांस सुचला तो वाटेवर. आम्ही वडाळ्याचे रहिवासी. तेथून पश्चिमेस पायी निघाले असता फार वेळ न लागता दादरचा दादासाहेब फाळके मार्ग लागतो. पूर्वी तो दादरचा मुख्य रस्ता म्हणून ओळखला जाई, आणि त्याच्याच बाजूस मथुरादास यांच्या बंगल्यात धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१२ साली आपला कारखाना मांडला. कारखाना गेला, बंगला गेला. रस्त्यास नाव तेवढे राहिले. ज्या पडद्यावर त्या कारखान्याचा माल प्रथम लोकांनी पाहिला, त्या कॉरोनेशनच्या वाट्यास तर नावही आले नाही. सँढर्स्ट रस्ता आज सरदार वल्लभभाई पटेल यांच्या नावाने चालतो, आणि त्यावरून जाणाऱ्यास येथे कोठेतरी हिंदी चित्रपटाचा आरंभ झाला याची खूण पटविणारे काहीही दिसत नाही. जागा नाहीशी झाली म्हणजे तिची आठवण कोणाच्या तरी कल्पनेत बिऱ्हाड करते. ते बिऱ्हाड भक्कम आहे की नाही, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम निश्चित काय आहे ते सांगतो. 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाचा खासगी खेळ ग्रँट रोडवरील ऑलिंपिया नाट्यगृहात २१ एप्रिल १९१३ रोजी झाला, आणि लोकांसाठी तो शके १८३५ मध्ये, ३ मे १९१३ रोजी, कॉरोनेशनमध्ये लागला. जंत्रीवरून पाहता तो दिवस शनिवार येतो, आणि नवा खेळ लावण्यास शनिवार धरणे हे व्यवहारासही जुळते. याच्या एक वर्ष आधी, १८ मे १९१२ रोजी, याच कॉरोनेशनच्या पडद्यावर रामचंद्र गोपाळ तोरणे यांचा 'श्रीपुंडलीक' दाखविला गेला होता. तोही दिवस शनिवारच. म्हणजे 'पहिला हिंदी चित्रपट कोणता' या वादातील वादी आणि प्रतिवादी हे दोघेही एकाच घरात उतरले होते. 'पुंडलीक' हे रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण, त्याचा छायालेखक इंग्रज, आणि त्याच्या फितीवरील रासायनिक संस्कार विलायतेत झालेले. यास्तव फाळक्यांचा मान अबाधित राहतो, असे बहुतेक लेखक म्हणतात. तो निर्णय आम्हांसही मान्य आहे. मात्र निर्णय मान्य करणे निराळे आणि प्रतिवादीची नोंदच दप्तरातून काढून टाकणे निराळे.

आता कॉरोनेशनचे स्वरूप. त्याचे पूर्ण नाव 'कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ अँड व्हरायटी हॉल' असे होते. या नावाचा उत्तरार्ध बहुतेक लेखक गाळतात. वास्तविक सर्व मर्म त्यातच आहे. ३ मे १९१३ च्या खेळाची 'बॉम्बे क्रॉनिकल' पत्रातील जाहिरात प्रसिद्ध आहे. तीवरून दिसते की त्या दिवशी हरिश्चंद्राच्या सत्त्वपरीक्षेबरोबर आयरीन डेलमार नामक बाईचे नृत्य, मॅक्लेमेंट्स यांचा विनोदी प्रवेश, पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर नामक करामतकार, आणि काही हास्यचित्रे असा भरणा होता. डोंबाघरी पाणी भरणारा अयोध्येचा राजा आणि पायांनी कसरत करणारा गोरा खेळगडी एकाच तिकिटात! स्वदेशी कलेचे हे पहिले देवालय होते अशी जी भाविक समजूत आज रूढ आहे, तिला या समकालीन कागदाने बाध येतो. ते देवालय नव्हते; ती जत्रा होती. आमच्या मते यात कमीपणा काहीच नाही. उलट ज्या माणसाने जत्रेच्या गर्दीत आपली पालखी नेली आणि लोकांस तिच्या मागे चालावयास लावले, त्याचा पराक्रम यामुळे अधिकच ठरतो.

जाहिरातीचा कागद समकालीन म्हणून तो सर्वस्वी खरा, असेही मात्र नव्हे. सुरतेस हा चित्रपट नेला असता प्रेक्षक थोडे येऊ लागले. तेव्हा फाळक्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सर्व अवघ्या तीन आण्यांत, अशा आशयाची जाहिरात केली, ही गोष्ट चित्रपटाच्या सर्व इतिहासांतून येते. ती सर्वजण कौतुकाने सांगतात. तपासून कोणी पाहिलेली आमच्या वाचनात नाही. तपासणे अवघड नाही. चित्रपटाची लांबी ३,७०० फूट होती, आणि पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फितीवर एका फुटात सोळा चित्रे बसतात. गुणाकार केला असता ५९,२०० ही संख्या येते. सत्तावन्न हजारांचा आकडा येणेप्रमाणे जवळजवळ बरोबर ठरतो. परंतु मैल म्हणजे ५,२८० फूट. त्या मानाने 'दोन मैल' लांबीचे हे चित्र पाऊण मैलही भरत नाही. एकाच वाक्यात एक आकडा कारकुनी सचोटीचा आणि दुसरा भाटाच्या थाटाचा! बखरी वाचणाऱ्यांस हा प्रकार नवा नाही. सैन्याची संख्या सांगताना बखरकार लाखांत बोलतो, आणि त्याच पानावर एखाद्या सरदाराच्या मुक्कामाचे गाव मात्र बिनचूक देतो. म्हणून बखर टाकून द्यावयाची नसते आणि शिरावरही घ्यावयाची नसते. तीतील प्रत्येक विधान निरनिराळे तोलावयाचे असते.

हाच न्याय आता मोकाशी यांच्या कृतीस लावू. श्री. मोकाशी रंगभूमीवरून आलेले. हा त्यांचा पहिलाच चित्रपट. बापू वाटवे यांनी लिहिलेले फाळक्यांचे चरित्र वाचून त्यांस याची कल्पना सुचली. २००९ साली ही कृती भारतातर्फे ऑस्कर पारितोषिकाकरिता धाडण्यात आली, आणि २०१० च्या जानेवारीत ती सर्वत्र प्रदर्शित झाली. नंदू माधव यांनी फाळक्यांची आणि विभावरी देशपांडे यांनी सरस्वतीबाईंची भूमिका केली आहे. चलच्चित्राचा नाद लागल्यापासून पहिला चित्रपट सिद्ध होऊन लोकांपुढे येईपर्यंतचा फाळक्यांचा उद्योग हा तिचा कथाभाग होय.

या कृतीचे गुण प्रथम सांगणे न्याय्य होईल. पहिला गुण, तिने फाळक्यांस पुतळा केले नाही. थोर पुरुषांची चरित्रे मराठीत लिहावयाची म्हणजे पहिल्या पानापासून तुताऱ्या वाजू लागतात. येथे त्याऐवजी एक खटपट्या, हसरा, जादूचे प्रयोग करणारा, घरातील वस्तू विकणारा आणि वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसेंदिवस चित्रित करीत बसणारा गृहस्थ दिसतो. दुसरा गुण, सरस्वतीबाईंस त्यांचे देणे मिळाले आहे. कोऱ्या फितीस भोके पाडणे, रसायने कालविणे, कारखान्यातील मंडळींचे जेवणखाण सांभाळणे ही कामे त्यांनी केली, हे चरित्रांत नमूद होतेच; परंतु नमूद असणे आणि डोळ्यांपुढे घडणे यांत अंतर आहे. तिसरा गुण नावाचा. चित्रपटात काम करतो असे सांगण्याची लाज वाटे, म्हणून 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत' नोकरीस आहोत असे नटांनी बाहेर सांगावे, अशी युक्ती फाळक्यांनी काढली होती. त्या युक्तीचेच नाव कृतीस देण्यात कर्त्याची ऐतिहासिक दृष्टी दिसते. स्त्रीभूमिकेसाठी स्त्री न मिळणे, अखेर खाणावळीत काम करणाऱ्या साळुंके यांनी तारामती होणे, आणि मिशा काढण्यावरून झालेला तंटा, हे प्रसंग हास्यरसात बुडविलेले असले तरी त्यांच्या तळाशी त्या काळाची खरी सामाजिक अडचण आहे.

दोष सांगावयाचे ते याच गुणांच्या पोटातून निघतात. हास्य हा या कृतीचा स्थायीभाव झाल्यामुळे दुःखास तीत पाय टेकावयास जागा राहिली नाही. कर्ज, विमा गहाण पडणे, काही काळ दृष्टी जाणे, ही संकटे येतात आणि विनोदाच्या एका फुंकरीने उडून जातात. फाळके १९४४ च्या फेब्रुवारीत नाशिक मुक्कामी वारले, तेव्हा त्यांच्या हाती संपत्ती म्हणण्यासारखे फारसे उरले नव्हते. तो उत्तरकाळ या कथेच्या कक्षेबाहेरचा आहे, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या सावलीने पुढे सर्व घर व्यापले, तिची एक रेघ तरी आरंभी दिसावयास हवी होती.

दुसरा दोष आमच्या विषयास अधिक जवळचा आहे. कृतीचा सर्व प्रकाश कारखान्यावर पडतो. चित्रगृह उजेडात येते ते केवळ फळ म्हणून. दादरचा बंगला, त्यातील चूल आणि अंधारखोली मनात राहते. कॉरोनेशन मात्र कोणतेही नाट्यगृह असते तरी चालले असते, असे वाटत राहते. 'व्हरायटी हॉल' हे त्याचे जातिवंत वैशिष्ट्य आणि त्याच पडद्यावर वर्षापूर्वी उमटून गेलेला 'पुंडलीक', या दोहोंचा ठसा प्रेक्षकाच्या मनावर उमटत नाही. परिणामी एकट्या नायकाची निर्मळ कथा हाती लागते. जागेचा इतिहास निसटतो. नानाभाई गोविंद चित्रे हे कॉरोनेशनचे चालक. 'पुंडलीका'च्या उद्योगातही ते होते, आणि पुढे फाळक्यांच्या चित्रास त्यांनीच पडदा दिला. असा दोन्ही पक्षांस आसरा देणारा यजमान नाटककाराच्या हाती आयता आलेला असता, त्याच्याकडे पाहावे तितके पाहिले गेले नाही, ही आमची तक्रार आहे.

येथे कोणी म्हणेल की कलावंतास कागदपत्रांच्या दावणीस बांधणे अन्यायाचे आहे. आम्ही ते करीत नाही. जेथे साधनेच परस्परविरुद्ध बोलतात तेथे कलावंतास एक वाट धरावीच लागते. फाळक्यांनी गिरगावातील अमेरिका-इंडिया चित्रगृहात ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि रामकृष्णांची चरित्रे अशी का दाखवू नयेत, हा विचार त्यांच्या मनात आला, येथवर एकवाक्यता आहे. परंतु केव्हा? १९१० चा नाताळ अशी एक परंपरा आहे. दुसरी सांगते की १४ एप्रिल १९११ रोजी त्यांनी मुलासह प्राण्यांचे चित्र पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी ईस्टर असल्याने पत्नीसह ख्रिस्ताचे चित्र पाहिले. जंत्री काढली तर त्या साली १४ एप्रिलास गुड फ्रायडे आणि १६ एप्रिलास ईस्टरचा रविवार पडतो. म्हणजे दुसऱ्या परंपरेत एका दिवसाची चूक असली तरी सण जुळतो. तथापि सण जुळला म्हणून घटना सिद्ध होत नाही. ख्रिस्तचरित्र नाताळासही दाखविले जाण्याचा संभव तितकाच आहे. अशा ठिकाणी चित्रपटकाराने कोणतीही मिती घेतली तरी तो दोषी नाही. त्याने घेतलेल्या मितीस पुढे आपण पुरावा मानू लागलो, तर दोष आपला.

हाच खरा धोका आहे, आणि तो कल्पित नव्हे. हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्यांस तो एका दाखल्याने स्पष्ट होईल. 'राजा हरिश्चंद्र'ची मूळ फीत चार रिळांची. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच रिळे आहेत. राजा आपल्या पुत्रास धनुर्विद्या शिकवितो तो आरंभीचा प्रसंग त्यांतलाच. पुष्कळ काळ ही रिळे १९१३ ची म्हणून दाखविली गेली. परंतु मूळ प्रत नष्ट झाल्यावर फाळक्यांनी १९१७ साली हेच कथानक पुन्हा चित्रित केले होते, आणि उपलब्ध रिळे त्या दुसऱ्या चित्रणाची आहेत, असे कित्येक संशोधकांचे मत आहे. बैलगाडीतून नेत असता उन्हाच्या तावाने ती प्रत पेटली, असे सांगतात. हे मत ग्राह्य धरले तर ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनच्या पडद्यावर जे उमटले, त्यातील एकही चित्र आज कोणाच्या दृष्टीस पडत नाही. आपण जे पाहतो तो कर्त्याने स्वतःच्या हाताने चार वर्षांनी उतरलेला दुसरा पाठ होय.

पोथ्यांच्या भाषेत मांडावयाचे तर वंशवृक्ष असा होतो. १९१३ ची मूळ प्रत लुप्त. १९१७ ची, कर्त्याच्याच हातची, दुसरी प्रत त्रुटित. 'नवयुग' मासिकात १९१७-१८ साली फाळक्यांनी लिहिलेले लेख आणि १९२७-२८ च्या चित्रपट चौकशी समितीपुढील त्यांची साक्ष ही आत्मनिवेदने, अर्थात घटनेनंतर चार ते पंधरा वर्षांनी आठवून सांगितलेली. त्यानंतर वाटवे यांचे चरित्र. आणि त्या चरित्राच्या शाखेवर २००९ चा हा चित्रपट. मुळापासून इतक्या दूरच्या फांदीवरील पान मुळाचा रंग दाखवील अशी अपेक्षा कोणी करू नये. तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जे नाहीसे झाले ते पुन्हा रचून दाखविण्याचा पहिला उद्योग मोकाशी यांनी केला नाही, तो स्वतः फाळक्यांनी केला. आपली जळालेली कृती आठवून ते पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहिले. त्या अर्थाने 'फॅक्टरी' ही त्यांच्याच घराण्यातील कृती आहे, आणि तिने ते घराणे लाजविलेले नाही.

आमचा निर्णय असा. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' ही उत्तम बखर आहे. तिची भाषा प्रसन्न, तिचा नायक जिवंत, तिचा हेतू निर्मळ. ती बखर म्हणून वाचावी, महजर म्हणून नव्हे. कारखान्याविषयी तिचे म्हणणे बहुतांशी ग्राह्य. चित्रगृहाविषयी ती जवळजवळ मुकी आहे. ही मूकता भरून काढण्याचे काम चित्रपटकाराचे नाही. ते आमचे आणि वाचकांचे आहे.

कारण चित्रगृहाचे आयुष्य वाड्याच्या मानाने फार थोडे असते. 'आलम आरा' हा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी ज्या गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, ते मॅजेस्टिक राहिले नाही, आणि त्या बोलपटाची एकही प्रत उरली नाही. पुण्याच्या मंडईजवळचे आर्यन १९८३ साली गेले. दादरच्या चित्रा चित्रगृहाचा पडदा २०१९ च्या मे महिन्यात उतरला. आमच्या वडाळ्यात २००१ साली घुमटाकार पडद्याचे प्रचंड चित्रगृह उघडले, तेव्हा ते पाहावयास लांबलांबून लोक येत. पुढील काही वर्षांतच त्याच्या पाटीवरील मालकाचे नाव एकाहून अधिक वेळा पालटले. अशा घरांची तिकिटे, खेळपत्रके, भिंतीवरचे कागद, भाड्याच्या पावत्या, नोकरांचे हजेरीपट हे सर्व रद्दीच्या भावाने जाते. मोडी रुमाल वाण्याच्या पुड्यांसाठी फाडले जात असता आपल्या वडिलधाऱ्यांनी ते विकत घेऊन वाचविले, म्हणून आज आपणांस पेशवाईच्या इतिहासावर बोलता येते. कॉरोनेशनविषयी आपणांस जे ठामपणे सांगता आले ते कोणत्याही स्मारकामुळे नव्हे. वर्तमानपत्रातील जाहिरातीचा एक तुकडा कोणीतरी जपला, म्हणून. त्या तुकड्याने पायांनी वस्तू झेलणाऱ्या अलेक्झांडरास हरिश्चंद्राच्या शेजारी आणून बसविले, आणि भाविक कथेपेक्षा खरी गोष्टच अधिक मौजेची होती, हे दाखवून दिले.

ज्या वाचकांच्या संग्रही गिरगाव, परळ, लालबाग, दादर आणि वडाळा या भागांतील चित्रगृहांची असली कागदपत्रे असतील, त्यांनी ती क्षुल्लक मानून टाकून देऊ नयेत, अशी विनंती आहे. पुढचा कलावंत पुढच्या लुप्त घराची बखर रचावयास बसेल, तेव्हा त्याच्या हाती अस्सल काही असावे.